मंगळवारची मीटिंग

माझं बोलणं ऐकताना आमच्या गावात माणसं मनातल्या मनात भागाकार करतात. मी विहिरीला पन्नास फूट पाणी म्हटलं की ती पाच धरतात, पाच म्हटलं की विहीर आहे का ते बघून येतात. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मोजूनमापून खरंच बोलायचं ठरवलं तर आमच्या भागात बोलायला उरतंच काय? पाऊस नाही, एवढं एक वाक्य. ते सकाळी बोलून झालं की दिवसभर तोंड मिटून बसायचं.

पण त्या उन्हाळ्यात माझ्याच एका थापेनं मला कोंडून घातलं. दार मीच लावलं, कडी मीच घातली, आणि आत माझ्यासोबत माझी सात महिन्यांची लेकही अडकली. ते सांगायचं आहे. भागाकार करायची गरज पडणार नाही. थोडीफार पडली तर माफ करा, सवय आहे.

पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली ते वर्ष. नदीचं पात्र इतकं कोरडं झालं होतं की नव्यानं आलेल्या तलाठ्यानं त्यातून फटफटी नेली आणि रस्ता बरा आहे म्हणाला. टँकर गावात शिरला की माणसांच्या आधी चिमण्या रांगेत उभ्या राहायच्या, मध्ये घुसणाऱ्या कावळ्याला मागं हाकलायच्या. ज्वारी नाही, कडबा नाही, आणि बैल विकायचे तर घेणाराही आमच्यासारखाच. शेवटी जनावरांची छावणी निघाली आणि ती चालवायला घेतली आमच्या दूध संस्थेनं.

त्या संस्थेचा मी संचालक. निवडून आलो म्हणजे काय, अर्ज भरायच्या दिवशी अख्खं गाव नांदूरघाटला लग्नाला गेलं होतं आणि मला निमंत्रण नव्हतं. बिनविरोध आलो.

छावणी गावाबाहेरच्या माळावर होती. बांबूवर हिरवी जाळी, जाळी संपली तिथं जुन्या साड्या. जनावरांच्या रांगा आणि रांगेच्या टोकाला ज्याची त्याची बाज. आमचे दोन बैल, एक गाय, एक म्हैस, आणि मी, बायको, आई, लेक. कोण कुणाला सांभाळत होतं ते सांगणं अवघड आहे, पण कानाला बिल्ले मात्र त्यांच्याच होते.

छावणीचा एक नियम होता. रोज सकाळी हजेरी व्हायची, जनावरांची. ज्याच्या नावाचं कार्ड, त्यानं आपल्या जनावराच्या दाव्याला हात लावून उभं राहायचं. संस्थेचा सचिव मोबाइलवर फोटो काढायचा. माणूस नसला की त्याच्या जनावरांचा त्या दिवशीचा ऊस आणि पेंड बंद. आजारी आहे, पाव्हणे आलेत, मयत आहे, काही चालायचं नाही. एकानं भावाला उभं केलं तर चेअरमननं फोटो मोठा करून त्याच्या मिशा तपासल्या.

आता लेकीचं सांगतो.

ती झाली तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी तिची मूठ उघडून तळहात बघितला. एकच आडवी रेघ. डोळ्यांच्या कडा किंचित वर गेलेल्या, अंग लोण्यासारखं मऊ. मला वाटलं, पोरगी सुखी राहणार, हाडं टोचत नाहीत हिची. रक्त पुण्याला गेलं, कागद आला. डाउन सिंड्रोम. डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, औषधानं जाणारा नाही. ही अशीच आहे, सगळं शिकेल पण सावकाश. हृदयात बारीक छिद्र आहे, त्यावर लक्ष ठेवू. आणि बीडला लहान पोरांचं एक केंद्र आहे, तिथं लवकर जा.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. निळी चटई, पोरापेक्षा मोठा चेंडू, आणि तिथली ताई. शिडशिडीत बाई, चष्मा सारखा नाकावर घसरलेला. तिनं टॉवेलची गुंडाळी केली, लेकीला तिच्यावर पालथं घातलं आणि समोर खुळखुळा वाजवत बसली. लेकीनं कपाळ वर उचललं. ताईनं मोजलं, "एक, दोन." कपाळ खाली. मी म्हणालो, बस्स? ताई म्हणाली, "दादा, आज दोन. तुम्ही घरी रोज पाच वेळा करा, मग बघा." दूध पाजताना मान कशी धरायची, जीभ बाहेर येते तेव्हा चमचा कुठं दाबायचा, ओठांना कसं चोळायचं, सगळं बायकोच्या हातानं करून घेतलं. मला म्हणाली, "तुम्ही तिच्याशी बोला. जितकं जमेल तितकं बोला." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हे औषध म्हणून लिहून दिलं.

"पहिलं वर्ष हातचं घालवू नका," ती म्हणाली. "आता जे थोडक्यात होतं त्याला नंतर फार कष्ट पडतात. दर मंगळवारी या. एकही चुकवू नका."

खरं काम मात्र बाहेरच्या बाकड्यावर चालायचं. तिथं बायकोसारख्याच चार-पाच आया बसलेल्या असायच्या. पहिल्या मंगळवारी बायको पदरात तोंड घालून टोकाला बसली. आमच्या लेकीसारख्याच डोळ्यांची एक तीन वर्षांची पोर चालत आली, बायकोच्या हातातल्या बांगड्या ओढायला लागली आणि देत नाही म्हटल्यावर चक्क शिवी दिल्यासारखं काहीतरी बोलली. तिची आई ओशाळली. बायको मात्र हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा. परतीच्या बसमध्ये ती एकच गोष्ट तीनदा म्हणाली, "ती चालत आली, बगितलं का तुमी?"

तर लेकीचे मंगळवार चुकू द्यायचे नव्हते. आणि हजेरी तर रोज सकाळी, मंगळवारीसुद्धा.

छावणीत खरं सांगितलं असतं तर? आईनं आधीच पायात दोरी घातली होती. धाकट्या बहिणीला धर्मापुरीकडचं स्थळ आलेलं. आई म्हणाली, "पोरीचं जमू दे. मग गावात दवंडी दे न्हाईतर फलक लाव. आत्ता कळलं की म्हणतील, ह्यांच्या रक्तात हाय. माझी लेक घरात बसंल जलमभर."

"आगं, तसं नसतंय ते. डॉक्टर म्हणले—"

"डॉक्टरला बहीण हाय का लग्नाची?"



मग मी जे मला येतं ते केलं. चेअरमनकडं गेलो आणि म्हणालो, जिल्ह्याच्या दूध संघानं दुष्काळावर खास कमिटी केली आहे, दर मंगळवारी बीडला मीटिंग, आपल्या संस्थेतर्फे मला बोलावलं आहे. चेअरमन म्हणजे दुधात बोट घालून म्हशीचं वय सांगणारा माणूस.

"तुला? कावून बे?"

"बाकीच्या संस्थांचे संचालक हुशार हायत, मनून आपला मी."

हे त्याला पटलं. सचिवाला सांगून मंगळवारी माझी सूट झाली. माझ्या जनावरांच्या फोटोत आई उभी राहील, संस्थेच्या कामासाठी म्हणून. बायको का बरोबर? तिचं माहेर नेकनूरला, बस तिथूनच जाते, पोरीला आजीकडं सोडून संध्याकाळी घेऊन येतो. एका थापेला दोन टेकू लागले, पण उभी राहिली.

चार मंगळवार झकास गेले. लेक दोनाची पाच झाली, पाचाची सात. जाळीखाली गोणपाटाची गुंडाळी करून आम्ही तिला पालथं घालायचो, कुणी आलं की उचलून घ्यायचो, ढेकर काढतोय म्हणून पाठ थोपटायचो. ढेकर काढून काढून पोरीचं पोट रिकामं झालं असेल. मंगळवारी संध्याकाळी मात्र रांगेतली माणसं माझ्या बाजेभोवती जमायची. मीटिंगमधी काय झालं?

काहीच झालं नाही, असं सांगितलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण ऊन उतरताना माणसं तोंड वर करून समोर बसली, की माझ्याच्यानं काहीच झालं नाही हे वाक्य बाहेर पडत नाही. पहिल्या आठवड्यात मी संघाच्या साहेबाला झापलं. दुसऱ्या आठवड्यात टेबलावर मूठ आपटली आणि साहेबाचा चहा सांडवला. तिसऱ्या आठवड्यात चाऱ्याच्या विटा काढल्या.

विटा म्हणजे असं, की बाहेरच्या राज्यात चारा यंत्रात घालून दाबतात आणि विटेएवढा करतात. वीट पाण्यात टाकली की टोपलंभर हिरवा चारा फुगून येतो. मेथीच्या वासाचा. आपल्या छावणीला पहिल्यांदा देणार आहेत.

"मेथीच्या वासाचा?" शेजारच्या रांगेतले धनगर मामा म्हणाले. त्यांच्या दोन म्हशी होत्या. मेंढरं पोटासाठी नदीखाली दुसऱ्या मुलखात गेलेली.

"लई न्हाई. हलका वास."

त्या हलक्या वासानं घात केला. वासाचं सांगितलं की माणसं खरं मानतात. इतकी वर्षं भागाकार करणारं गाव नेमकं त्या वेळी हिशोब विसरलं. जनावरांच्या बरगड्या मोजता येत असतील तर कोण भागाकार करत बसेल? दर सकाळी कुणीतरी रस्त्याकडं बघायचं. बायकांनी विटा भिजवायला म्हणून टिपाड बाजूला काढून ठेवलं. मामांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, गाभण म्हशीला अख्खी वीट द्यायची का अर्धी. मी म्हणालो, अर्धी. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि चेअरमन म्हणाला, "पुढच्या मंगळवारी मी येतो मीटिंगला. विटांचा छडा लावतो."

त्या मंगळवारी मी मीटिंग रद्द केली. साहेब आजारी. पुढच्या मंगळवारी पुन्हा साहेब आजारी. लेक गोणपाटावर पडून होती, बायको पाच वेळा करतच होती, पण लेकीला सर्दी झाली, दूध गिळताना ठसका लागायला लागला आणि हात लावला की ती मान टाकून रडायची. बायकोला काही सुचेना, नेमकं कुठं चुकतंय ते कळेना. विचारणार कुणाला? विचारायची माणसं सगळी त्या बाकड्यावर.

"काय ते खरं सांगून टाका चेअरमनला," बायको म्हणाली.

"अन् आईचं काय? जनावरांचं काय?"

"हिचं काय?"

मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे काहीच करायचं नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. तिनं माझ्या खिशातला मोबाइल घेतला आणि केंद्रातल्या ताईला फोन लावला. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी हजेरीच्या वेळी छावणीत पांढरी जीप आली.

सगळी छावणी आपापल्या दाव्याला हात लावून उभी, त्यामुळं प्रत्येकानं बघितलं. जीपमधून चष्मेवाली ताई उतरली, काखेत निळ्या चटईची गुंडाळी. चेअरमन पुढं झाला. संघाची गाडी कधीही येईल म्हणून त्यानं हार आणून ठेवला होता, ओल्या फडक्यात. पाणी माणसांना नव्हतं पण हाराला होतं. ताईच्या गळ्यात हार पडला.

"या मॅडम. नमुना आणला का?" चेअरमन चटईकडं बघत म्हणाला.

"कसला नमुना?"

"विटांचा. भिजवायच्या."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं बघितलं. म्हैस रवंथ करत होती, तिचं बरं होतं.

"दादा, बाळ कुठंय?" ताई म्हणाली.

दुसरी वाट नव्हती. दाव्यावरचा हात न काढता मी बोललो. म्हणालो, चेअरमनसाब, ह्या संघाच्या न्हाईत. मीटिंग न्हवती. माझ्या पोरीला डाउन सिंड्रोम हाय, ती उशिरा शिकंल, तिला बीडला न्यावं लागतंय, ह्या तिथल्या ताई हायत.

चेअरमन हसला. मग सचिव हसला. "ऐका," चेअरमन रांगांकडं वळून म्हणाला, "विटा संपल्या. आता दवाखाना काढला ह्यानं."

"खरं हाय."

"लेका, साहेबाचा चहा सांडला तेबी खरं हाय मनला होतास."

रांगेत हशा पिकला. मी शपथ घेतली, हशा वाढला. मी आजवर बोललेला शब्द न् शब्द त्या माळावर माझ्याभोवती उभा होता आणि मला बाहेर पडू देत नव्हता. आयुष्यातलं पहिलं मोठं खरं मी सांगत होतो आणि एकही माणूस ते घ्यायला तयार नव्हता.

तेव्हा बायको साडीच्या आडोशातून लेकीला घेऊन बाहेर आली. आई मागून "आगं, आगं" करत होती. बायकोनं ताईच्या हातातली चटई घेतली, दोन रांगांच्या मधल्या वाटेत अंथरली आणि लेकीला सगळ्यांसमोर पालथं घातलं. मोठ्यानं म्हणाली, "ते सांगतेत ते खरं हाय. हिला मान धरायला शिकवायला लागतंय, गिळायला शिकवायला लागतंय. दर मंगळवारी न्हेत होतो. आता दोन मंगळवार झाले न्हेलं न्हाई, ह्यांच्या विटांपायी."

हसणं थांबलं. तिच्या बोलण्याचा भागाकार करायची सवय कुणालाच नव्हती.

पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "गिऱ्हाणात भाजी चिरली असंल पोटुशी असताना."

"गिऱ्हाण असतं तर दिसलं नसतं का मावशी? आभाळात ढग तरी होता का एक?"

ताई गळ्यातला हार काढून चटईवर बसली होती. तिला खुळखुळा सापडेना. मामांनी आपल्या म्हशीच्या गळ्यातली घंटी सोडून दिली. ताईनं ती वाजवली. लेकीनं कपाळ उचललं. एक, दोन, तीन, चार. आणि गाल चटईवर टेकला.

मामा म्हणाले, "चार म्हंजे बरं का वाईट?"

ताई म्हणाली, "मागच्या वेळी सात होते."

ती मला रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिनं बायकोला जवळ घेतलं, सर्दीत कसं पाजायचं ते दाखवलं, छाती ऐकली, खांद्याखाली हात कुठं द्यायचा ते तिचा हात धरून शिकवलं. नेमकं तिथंच चुकत होतं. जाताना एवढंच म्हणाली, "दर वेळी मला येता येणार नाही, गाडी आज या बाजूला होती म्हणून आले. मंगळवारी आणा."

जीप गेल्यावर चेअरमन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, चार शिव्या देईल आणि मोकळा होईल. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

"लेकीचं सांगितलं असतंस तर मी काय न्हाई मनलो असतो का बे?"

"न्हाई मनला नसता का?"

त्यानं खरोखर विचार केला. "मनलो असतो," तो म्हणाला. "नियम हाय. आता तर अख्ख्या छावणीसमोर झालं. तुला सूट दिली तर उद्या सगळ्यांच्या मीटिंगा निघतील." आईच्या नावावर कार्ड करायचं तर तहसीलचा कागद हवा, आणि तहसीलचा कागद पावसाच्या आधी येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. विटांसाठी काढून ठेवलेलं ते रिकामं टिपाड कुणीतरी उचलून माझ्या बाजेला लावून ठेवलं, आणि छावणी उठेपर्यंत ते तिथंच होतं.

धर्मापुरीकडचं स्थळ त्या आठवड्यात गप्प झालं. का, ते त्यांनी कळवलं नाही. आई माझ्याशी बोलेना. बहिणीचं पुढं दोन वर्षांनी दुसरीकडं जमलं, पण त्या दिवसांत आईला ते कुठं माहीत होतं? ती बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. भिंत नव्हती, साडी होती.

पुढच्या मंगळवारी बायको एकटी निघाली. नेकनूरच्या पुढं ती कधी एकटी गेलेली नव्हती. मी तिला सांगायला लागलो, स्टँडवर उतरलं की डाव्या हाताला, मग मोठं झाड. ती म्हणाली, "मला ठावं हाय. तुमी हजेरीला उभं राहा." लेकीला छातीशी बांधून ती रस्त्याकडं चालत गेली. बस आली तेव्हा सचिव माझ्या रांगेला होता. "हलू नको," तो म्हणाला. मी दाव्याला हात लावून उभा राहिलो आणि म्हशीच्या पाठीवरून बस दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

तो दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. दुपारी मामांनी विचारलं, पोचली असंल का? मी म्हणालो, ठाऊक न्हाई. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, पुढं काहीतरी येईल म्हणून. आलं नाही.

संध्याकाळी ती आली. लेक झोपलेली, बायकोच्या पायांवर धूळ. पाणी पिऊन होईपर्यंत मी थांबलो, मग विचारलं, काय झालं?

"पाच आले."

"आन्खी?"

"सर्दी कमी हाय मनल्या. पुढच्या वेळी हृदयाचा फोटो काढायचाय."

"बाकड्यावर कोण कोण होतं?"

"होत्या सगळ्या."

"आन्खी काय झालं?"

तिनं झोळीची गाठ सोडली, लेकीला गोणपाटावर निजवलं. आईनं कूस बदलली होती. तोंड आता आमच्याकडं होतं आणि डोळे मिटलेले, पण ती ऐकत होती.

"बसमधी कंडक्टरकडं बघून हसली," बायको म्हणाली. "असं हसली, की कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडली. मागची सगळी माणसं उठून बघायला आली. ड्रायव्हरनं बस उभी केली."

सात-आठ महिन्यांची झाली तरी लेक माझ्याकडं बघून अजून हसलेली नव्हती. मी गोणपाटावर तिच्या शेजारी बसलो. बस उभी केली? ह्यातलं किती धरायचं? कंडक्टर धरायचा की नुसतं हसू धरायचं?

"खरं हसली का?" मी विचारलं.

"तुमी न्हवता ना तिथं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.